दात्याचा हेतू

मी, मर्विन लॅक्रिट्झ, वय वर्षे शहाऐंशी, पूर्वीचा धंदा दुकानांपुढची कापडी छपरे शिवण्याचा, हल्लीचा धंदा काही नाही, राहणार क्लीव्हलँड हाइट्स, ओहायो, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला माझ्या गुडघ्यांशी कर्तव्य नाही. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असलाच तर तो माझी मुलगी रोना हिचा असता, आणि ती सध्या माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाही. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे या लेखाने रद्द झाली असे समजावे. विशेषतः ज्यात मी ‘उद्याचा आवाज’ या न्यूयॉर्कच्या संस्थेला माझ्या बचतीचा मोठा हिस्सा दिला होता, ते.

माझ्या वकील मिसेस हॅलोरन यांचे म्हणणे असे की, “मर्विन, कोर्टाला तुमच्या आठवणी नको असतात.” मी त्यांना सांगितले की कोर्टाला नको असतील, पण माझ्या मागे जे भांडणार आहेत त्यांना लागतील. तेव्हा आठवणींसकट टाइप करावे.

अंत्यविधीबाबत. मला माझी दिवंगत पत्नी एस्टेल हिच्या डाव्या हाताला पुरावे. पलंगावर मी त्याच बाजूला झोपत असे. पेटी साध्या पाइनच्या लाकडाची असावी, पितळी कड्या नकोत. भाषणे नकोत. न्यूयॉर्कहून फुले आलीच तर परत पाठवावीत. आम्हा ज्यूंमध्ये मयताला फुले नेत नाहीत, हे त्या संस्थेला तरी कोणी शिकवायला लागू नये.

राहते घर, आतल्या सामानासह, माझी एकुलती मुलगी रोना हिला द्यावे. छताला मागच्या बाजूने गळती आहे. ती मी नाकारत आलो, पण आहे. गावच्या फुटबॉल संघाची हंगामी तिकिटे जावई हॉवर्ड याला. पंचेचाळीस वर्षे त्या संघाने मला जे भोगायला लावले, ते आता घरातल्या दुसऱ्या कोणी भोगावे.

कारखाना विकला तेव्हा जड शिलाई मशीन, कॅनव्हास कापायच्या मोठ्या कात्र्या आणि कड्या ठोकायचा संच मी घरी आणला होता. ते सर्व डेल्रॉय टिपेट यास द्यावे. तो माझ्याकडे तीस वर्षे होता आणि माझ्या रंगांच्या निवडीला तोंडावर नावे ठेवणारा तो एकटाच होता. त्याचे बहुतेक वेळा बरोबर असे.

चांदीची मेणबत्तीदाणी, जोडी, ही माझी थोरली बहीण फ्रीडा हिच्या नातीला हैफाला पाठवावी. ती मुळात आमच्या आईची. फ्रीडा एकोणीसशे पन्नासमध्ये बोटीने इस्रायलला गेली. आई धक्क्यावर म्हणाली, “दोन वर्षांत परत येशील.” ती आली नाही. तिचा मुलगा ऊरी त्र्याहत्तरच्या लढाईत सिनाईत गेला, वीस वर्षांचा. मी विमानाने गेलो आणि तिच्याबरोबर सुतकात बुटक्या स्टुलावर बसलो. माणसे येत, उकडलेली अंडी खात, गप्प बसून जात. शेवटच्या दिवशी फ्रीडा मला म्हणाली, “मर्विन, तिकडे आमच्याबद्दल बोलत जा. लोक आम्हाला एक तर विसरतात, नाहीतर नकाशा समजतात.”

आता मुख्य गोष्ट.

रोना कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना एका सकाळी तिच्या खोलीच्या दारावर कोणीतरी काळ्या रंगाने नाझींचे चिन्ह काढले. तिने आम्हाला फोन केला. ती रडत नव्हती, याचीच मला जास्त भीती वाटली. कॉलेज दोन तासांवर. मी डीनशी भांडायच्या तयारीने कोट चढवला. एस्टेलने काय केले? गॅरेजमधले घडीचे टेबल गाडीत टाकले, आदल्या दिवशी भाजलेला दालचिनीचा केक घेतला, आणि कॉलेजच्या हिरवळीवर टेबल मांडून बसली. पाटीवर लिहिले, ‘मी ज्यू आहे. इस्रायलला माझी नणंद आहे. विचारायचे असेल ते बसून विचारा.’ मी डीनकडून हात हलवत परत आलो, तेव्हा तिच्यापुढे नऊ-दहा पोरे बसली होती, आणि त्यातला एक दाढीवाला तिला तावातावाने सांगत होता की तिच्या नणंदेचे घर दुसऱ्याच कोणाच्या तरी जमिनीवर आहे. एस्टेल म्हणाली, “असेल. तुला केक वाढू का? वाद घालायला ताकद लागते.” मग तिने त्याच्याशी संध्याकाळपर्यंत वाद घातला. ती हरली नाही. तोही हरला नाही.

पुढे दर वसंतात ती ते टेबल मांडत असे, रोना पदवी घेऊन बाहेर पडल्यावरही. एस्टेल गेल्यावर मी तिच्या नावाने निधी केला. वर्षाला एका विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती, त्याने टेबलामागे बसायचे. टेबलावरचे निळे छप्पर मी स्वतः शिवले, त्यावर तिचे नाव घातले. व्यवस्था पाहायला ‘उद्याचा आवाज’ पुढे आली. ती दात्यांच्या पैशांवर देशभरच्या कॉलेजांतून इस्रायलची बाजू मांडते. मला हे मान्य होते आणि आजही आहे. त्यांनी मुलांना तिकडे सहलीला नेले, फ्रीडाच्या गावच्या बाजारात फिरवले. बुजरी पोरे ताठ मानेने परत आली. रोना त्यांच्या संचालक मंडळावर गेली. मला अभिमान वाटला. पण हळूहळू टेबलावरचा केक गेला आणि छापील कार्डे आली. प्रश्न असा आला तर उत्तर असे. मी एकदा विचारले, “आणि प्रश्न तिसराच आला तर?” तिथल्या मिस्टर ट्रॉयननी हसून सांगितले, “तर कार्ड क्रमांक एक.”

दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती अदीना पर्लो हिला मिळाली. टोलेडोची मुलगी, वडील शाळेत पीटी शिकवतात. निवडीआधी ती मला भेटायला आली, बेखमीर रोटीच्या चुऱ्याचे गोळे घातलेले माझे सूप प्याली आणि म्हणाली, “मिस्टर लॅक्रिट्झ, मॅत्सोचे गोळे दगड झालेत.” तेव्हाच माझी निवड पक्की झाली.

ते वर्ष कसले होते, हे मी सांगायला नको. तिकडे ऑक्टोबरातली ती कत्तल, ओलीस, मग गाझातले युद्ध. फ्रीडाचा पणतू गणवेश चढवून गेलेला. इकडे हिरवळीवर तंबू, घोषणा, दोन्ही बाजूंचे झेंडे. अदीनाच्या टेबलापुढे रोज कोणीतरी उभे राहून ओरडत असे. त्यात एक मुलगी होती, युसरा हमदान. तिचे वडील डिअरबॉर्नला दातांचे डॉक्टर. ती ओरडत नसे, नुसती बघत उभी राहायची. एका गुरुवारी अदीनाने कार्डे खोक्यात टाकली, दुसरी खुर्ची ओढली आणि तिला म्हणाली, “रोज उभी राहतेस, पाय दुखत नाहीत? बस.” ती बसली. पुढच्या गुरुवारी पुन्हा बसली.

कोणीतरी फोटो काढून न्यूयॉर्कला पाठवला. अदीनाची शिष्यवृत्ती सत्राच्या मध्यावर थांबली. तिला कळवले की तिचे वागणे ‘दात्याच्या हेतूशी विसंगत’ आहे.

मी मिस्टर ट्रॉयनना फोन केला. “कोणत्या दात्याच्या?”

“एस्टेल लॅक्रिट्झ निधीच्या.”

“मग मीच की तो. मी अजून मेलो नाही.”

“नक्कीच, मर्विन. पण हेतू आम्ही जरा व्यापक अर्थाने म्हणतो. सगळ्याच दात्यांचा.”

“माझा अरुंद अर्थाने विचारा ना एकदा.”

ते म्हणाले की काळ कठीण आहे, शत्रूला आपल्याच टेबलावर जागा देणे आपल्या मुलांना समजत नाही, आणि त्या टेबलाशी येणाऱ्यांचे फोटो व नावे जमवण्याचे काम सुरू आहे, त्यात मी सहकार्य करावे. मी विचारले, नावे कशाला? ते म्हणाले, “पुढे नोकरी देणाऱ्यांना कळायला हवं.” मी फोन ठेवला. माझ्या वडिलांनी ज्या गावातून पळ काढला, तिथेही कोणीतरी नावे जमवत होते. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे मला कळते. तरीही मी फोन ठेवला.

त्या गुरुवारी डेल्रॉयने मला गाडीने कॉलेजात नेले आणि मी स्वतः एस्टेलच्या टेबलामागे बसलो. थंडी होती. अदीना शेजारी. युसरा आली, माझ्याकडे बघून थबकली.

“छपरावरचं नाव तुमचं का?”

“माझ्या बायकोचं. बसा.”

ती बसली. मग ती म्हणाली, “माझी मावशी गाझात, खान युनूसला होती.”

‘होती’ म्हणाली. त्याचे कार्ड नसते. मी म्हटले, “नाव काय त्यांचं?”

“रीम. आणि तिच्या दोन मुली.” मग तिने विचारले, “तुमचं कोणी?”

मी ऊरीचे सांगितले. तिने हिशेब केला. “म्हणजे मी जन्मायच्या कितीतरी आधी. आणि अजून आठवतो?”

“रोज.”

“मग मला काय होणार आहे ते तुम्हाला माहीत आहे,” ती म्हणाली.

त्यानंतर आम्ही भांडलो. मी म्हटले की इस्रायल राहिलेच पाहिजे, आमच्यासाठी दुसरी जागा नाही. ती म्हणाली की तिच्या आजीलाही दुसरी जागा नव्हती. मी सात ऑक्टोबरचे काढले. तिने त्यातले काही मान्य केले, काही केले नाही. जे केले नाही त्याचा मला राग आला आणि मी तो लपवला नाही. तिनेही तिचा लपवला नाही. उठताना ती म्हणाली, “तुम्ही चुकताय. पण तुम्ही मावशीचं नाव विचारलंत.”

याचा शेवट गोड झाला असे कोणी समजू नये. अदीनाला तिच्याच मैत्रिणींनी शुक्रवार रात्रीच्या सब्बाथच्या जेवणाला बोलवायचे बंद केले. युसराला तिच्या लोकांनी सांगितले की तिथे बसणे म्हणजे विकले जाणे. ती यायची थांबली. वसंतात कॉलेजने हिरवळीवर कोणतेच टेबल नको असा नियम केला. माझे छप्पर आता गॅरेजात आहे. या मृत्युपत्रात युसराला काही ठेवावे असे माझ्या मनात होते. अदीनाकरवी विचारले. निरोप आला, “त्यांचे पैसे मला नकोत. त्यांना बरं आहे ना, ते सांग.” म्हणून तिला काही ठेवलेले नाही. मला बरे आहे.

रोना मात्र घरी आली ती ज्वाळा होऊन. “बाबा, तिकडे आपल्या पोरांना टोपी लपवून वर्गात जावं लागतं, आणि तुम्ही खुर्च्या वाटत बसलात?”

“तुझ्या आईने हेच केलं होतं.”

“आईने ते टेबल माझ्यासाठी मांडलं होतं! माझ्यासाठी! दार माझं होतं. त्या दिवशी मला कोणाशी चर्चा नको होती, मला कोणीतरी माझ्या बाजूचं हवं होतं. ही संस्था तेच करते. कोणाच्या तरी मुलीच्या बाजूने उभी राहते.”

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती गेली, आणि तेव्हापासून हवापाणी.

म्हणून, माझी बचत, घर व वरील वस्तू वगळून उरेल ती सगळी, एस्टेलच्या नावच्या निधीत जावी. तो ‘उद्याचा आवाज’च्या हाती राहू नये. दात्याचा हेतू असा. हे टेबल तटस्थ नाही. इस्रायल असावे आणि राहावे असे मानणाऱ्या माणसाने त्यामागे बसावे. पण समोरची खुर्ची कोणालाही नाकारू नये. छापील उत्तरे ठेवू नयेत. या पैशातून कोणाचा फोटो काढू नये, कोणाचे नाव टिपून ठेवू नये. आणि दारावर चिन्ह काढलेली एखादी मुलगी आली तर त्या दिवशी चर्चा बंद ठेवून तिच्या शेजारी बसावे. हे शेवटचे मी रोनाकडून शिकलो. कॉलेज हिरवळ देत नसेल तर रस्त्यापलीकडे जागा भाड्याने घ्यावी. केक ठेवावा.

निधीला विश्वस्त दोन: माझी मुलगी रोना, आणि अदीना पर्लो, सध्या कोलंबसला कायद्याच्या अभ्यासाला. प्रत्येक खर्चाला दोघींच्या सह्या लागतील. एकीच्या सहीने एक सेंटही निघू नये. दोघींचे जमले नाही तर पैसे बँकेत पडून राहावेत.

मिसेस हॅलोरन म्हणाल्या की असे कलम म्हणजे भांडणाला आमंत्रण. मी म्हटले, तेच तर.

वरील मजकूर तयार झाल्यावर, सही करण्याआधी रोनाला दाखवणे मला योग्य वाटले. ती रविवारी आली. स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले.

“त्या मुलीबरोबर? मी?”

“दोघींच्या सह्या.”

“आमचं एका शब्दावर जमणार नाही, बाबा.”

“शक्य आहे.”

“आणि तुम्ही तिकडे आईशेजारी आरामात पडून राहणार.”

“तोच विचार आहे.”

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. पाठमोरीच होती. मला वाटले, आता पर्स उचलून निघेल. मग म्हणाली, “नंबर द्या तिचा. आणि मध्ये बोलू नका.”

तिने माझ्यासमोरच फोन लावला. मी मध्ये बोललो नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील दोघांच्या डोळ्यांदेखत त्यावर सही केली. दोघांनाही यातून काही मिळत नाही, आणि मिस्टर अप्पेलबाउम यांनी ते मला दोनदा विचारून घेतले.

सही: मर्विन लॅक्रिट्झ

साक्षीदार:
लोरेन विटकोव्स्की, निवृत्त परिचारिका, शेजारच्या घरात राहणार
नॉर्मन अप्पेलबाउम, आमच्या सिनेगॉगचे माजी खजिनदार

ठिकाण: क्लीव्हलँड हाइट्स, ओहायो
दिनांक: १९ ऑगस्ट २०२५