घरात आता कुणी झोपलेलं नाही

पिंपरी, मार्च १९७४

प्रिय शालन,

बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं तुझं पत्र पोचलं, जिवाला तेवढंच बरं वाटलं. यशूला म्हटलं, तुला मावसभाऊ झाला. तिनं मान हलवली, झालं.

या यशूचंच मला कोडं पडलंय. चार वर्षांची पोर, पण तिच्या मनात काय चाललंय ते कळेल तर शपथ! परवा दारात तिचं बोट चेमटलं. तोंड वासलं, डोळ्यांतून धारा लागल्या, पण आवाज म्हणून नाही. आधी तिनं बाबांच्या खाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खाट रिकामी आहे, हे तिला दिसत नाही का? शेजारच्या गोजाबाई म्हणतात, पोर लई शानी हाय, कधी रडत न्हाई. बालवाडीच्या बाईही कौतुक करतात. मला मात्र धडकी भरते.

तुला ठाऊकच आहे, तुझे दाजी कायम रात्रपाळीला. सकाळी येऊन झोपायचे. आमच्या चाळीतली मुलं बोलायच्या आधी गप्प बसायला शिकतात. यशूनं भोकाड पसरलं की मी तिच्या तोंडावर हात ठेवायची, बाबा झोपलेत गं. त्यांची झोप मोडली तर मशीनवर डुलकी लागेल, हात जाईल, हीच भीती. मशीननं काही केलं नाही, नेलं ते रस्त्यावरच्या ट्रकनं.

आता तिला जवळ घेऊन विचारते, राग आलाय? भीती वाटते? बाबा हवेत? ती सगळ्यालाच हो म्हणते. मग मलाच कळेनासं होतं, मला तरी यातलं नेमकं काय वाटतंय. काल तर ती बाहुलीचं तोंड दाबून बसली होती.

त्यांना घरी आणलं त्या दिवशीही पलीकडच्या खोलीत रात्रपाळीची माणसं झोपलेली. मी पदर तोंडात कोंबला. कुणी सांगितलं नव्हतं गं, सवयच. यशू बघत होती. तेव्हापासून माझ्याही घशातून रडण्याचा आवाज निघत नाही.

म्हणून हे लिहिलं. सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन ये. लहानपणी तुझं रडणं ओढ्यापलीकडे ऐकू जायचं, आई वैतागायची. तसंच रड. दारातूनच दाजींच्या नावानं हंबरडा फोड, यशूसमोर माझ्या गळ्यात पड. लाजू नकोस, भरदुपारी ये. त्या दिवशी झोपमोड होईल, असं शेजाऱ्यांना मी सांगून ठेवलंय. आपल्या घरात आता कुणी झोपलेलं नाही, हे माझ्या सांगण्यानं तिला पटत नाही. तू रडलीस तर पटेल, तिलाही आणि मलाही.

तुझीच,
कस्तुराक्का