सतरा कुंड्यांसह घर बदललं

तीर्थरूप अण्णांना नमस्कार,

मी ठणठणीत आहे, हे आधी वाचा आणि मग बाकीचं.

खोली बदललीय. गॅलरीतल्या माझ्या कुंड्या घरमालकांच्या डोळ्यांत खुपत होत्या. परवा म्हणाले, "एक तर ही झाडं जातील, नाहीतर तुम्ही."

मी म्हटलं, "मग आम्ही सगळेच जातो."

रविवारी शिवणकारखान्यातल्या दोघी मैत्रिणी हातगाडी घेऊन आल्या. सतराच्या सतरा कुंड्या भर रस्त्यातून नेल्या. गुलाब मी कडेवर घेतला होता. मालक दारात उभे होते, म्हणून मुद्दाम तिथेच थांबून जास्वंदीला पाणी घातलं.

नवी खोली लहान आहे, नळ जिन्याखाली आहे, पण खिडकीत दुपारपर्यंत ऊन असतं. शेवंती जरा मलूल झालीय, रुळेल. माझा खोकलाही कमी आहे; आईला सांगू नका.

"एकटी किती दिवस टिकशील? परत ये," असं तुम्ही लिहिलंत. येईन अण्णा, पण परतीचं तिकीट काढूनच.

आईचे गुडघे कसे आहेत? तिच्या मोगऱ्याच्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवा. अठरावी कुंडी मी आणून ठेवलीय.

तुमची हट्टी
थोरली