ह्यांच्या वाट्याचा सरंगा

१२ एप्रिल १९८७
सातपाटीहून बोईसरला बिऱ्हाड हलवलं. शाळेची नोकरी इथे, मग इथेच राहायचं. टेम्पोवाला फ्रीजर आडवा टाकत होता. मी ओरडलेच. आडवा केला की बिघडतो — मस्कतला परत जाताना ह्यांनी चारदा बजावलं होतं. बायकोला जप, असं एकदाही कुणाला सांगितलं नाही! बोईसरपर्यंत मागे उभी राहून फ्रीजर धरून आले. कंबर मोडली.

१४ एप्रिल
धाकटे दीर बळवंतभावजी आले. ओल्या फडक्यात सरंगा. होडीत ह्यांचीही भागी, म्हणून होडी किनाऱ्याला लागली की ह्यांच्या नावाचा एक मासा बाजूला निघतो. हे परदेशी असले तरी. "दादाचा वाटा हाय, वयनी. ठेव."
ठेवला. मी त्यातलं खात नाही. मेअखेर येतो म्हणालेत. आले की पहिला घास आपल्या होडीचा.

२४ एप्रिल
शुक्रवार — दिवसभर वीज नाही. फ्रीजरवर गोधड्या घातल्या. शेजारची शालू हसली, "त्याला थंडी वाजते काय गं?"
झाकण उघडायचं नाही, गारवा जातो. उघडून बघावंसं मात्र सारखं वाटतं. ह्यांची फार आठवण येते.

२५ एप्रिल
वीज आली. मासे शाबूत.

९ मे
वाऱ्याने खांब पडला. कालपासून वीज नाही. बर्फ कुठेच मिळेना.

११ मे
वास सुटला. सगळे मासे नारळाच्या बुंध्याशी पुरले. शालू म्हणाली, "मासेच ते, रडतेस काय?" ते मलाही कळतं. फ्रीजर पुसताना पुन्हा रडले.
भावजींना निरोप धाडला — आता ह्यांचा वाटा पाठवू नका. माझ्याने राखवत नाही.

१७ मे
दारावर थाप. म्हटलं, भावजी ऐकत नाहीत, आज चांगलंच सुनावणार.
दारात हे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगाला खाऱ्या पाण्याचा वास, हातात सरंगा. परवाच विमानातून उतरले. थेट सातपाटी, तिथून होडीवर!
"आधी समुद्र? मग मी?"
"माजा वाटा बंद केलास म्हणं. मंग मीच आणला."
दोन वर्षं वाट बघितली मी. तोंडही बघणार नव्हते, पण मासा ताजा होता.

१८ मे
कालवण खारट झालं होतं. तरी दोघांनी संपवलं. फ्रीजरमध्ये ठेवायला काही उरलं नाही.