कफनीचा तुकडा

तीर्थरूप धोंडूदादास,
करी रोडवरून पुतळीचा नमस्कार.

मठातल्या बुवांच्या कफनीचा कोपरा उंदरांनी कुरतडला नव्हता. गणपतीला गावी आले तेव्हा मी कातरला. वहिनीला उगाच बोललास.

कोण आजारी पडलं की कफनी त्याच्या अंगावर घालायची आणि सांजेला मठात परत ठेवायची, ही रीत मला माहीत होती. पण मला बुवा कायमचे माझ्या मुठीत पाहिजे होते. तो तुकडा मी गंगारामच्या सदऱ्याच्या खिशात शिवला.

तो हसला. "आये, बुवांनी बंदूक कधी बघितली होती काय?"

"गप. आता बुवांना तुला सांभाळावंच लागेल. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात खुशाल पुढं हो."

नाहीतर माझं पोर भित्रं. गोळीबार झाला तेव्हा चाळीतली बाकीची पोरं जमिनीवर आडवी झाली. हा खिशावर हात ठेवून उभाच राहिला, म्हणतात. ती सगळी घरी आली. गंगारामचा सदरा आला.

सदरा रक्तानं कडक झालाय. तुकड्याला डागसुद्धा नाही.

तुकडा पाकिटात घातला होता, परत काढला. तू तो कफनीला शिवशील, आणि डाग नाही हे बघून लोक जास्तच पाया पडतील.

तुझी बहीण
पुतळी