सुटीचं गाणं नसलेली कॅसेट

७ जुलै २००६
विद्यापीठातल्या मॅडमनी विषय मान्य केला! कामाच्या गाण्यांचा ठेका आणि वेळेची जाणीव. एम.ए. बाहेरून करतेय म्हणून काय झालं, त्या म्हणाल्या, तुझ्या गावात जे आहे ते आमच्या ग्रंथालयात नाही. ढाणकीला बसमधून उतरून घरापर्यंत चालत आले, पाय दुखले नाहीत.
आईला सांगितलं. म्हणाली, "गान्यानं टाइम कमी होते? मंग मी कायले म्हातारी झाली वं?"

१० जुलै
आमच्या शाळेतल्या सरांच्या वावरात. दुबार पेरणीची कपाशी, म्हणजे पऱ्हाटी, वीतभर, तण तिच्याहून उंच. निंदणाला आईसकट नऊ बाया.
सकाळी गाणं बंद ठेवायला सांगितलं. चाळीस मिनिटांनी एकेकीला विचारलं, किती वेळ झाला? सगळ्या तासाच्या वर गेल्या. गयाबाई म्हणाली जेवणाची वेळ झाली असंल.
जेवणानंतर आईने गाणं धरलं. 'पाखरू बसलं पऱ्हाटीच्या शेंड्याले'. विळे ठेक्यावर पडायला लागले, नऊ जणींच्या नऊ पाती, निंदायच्या ओळी, एका रेषेत सरकल्या. पुन्हा चाळीस मिनिटं. उत्तरं: पंधरा, वीस, "हे काय आत्ता त बसलो". कमलमावशी म्हणाली, "मले इचारू नको, मी तिकडं पाखरासंग गेलती."
मला काहीतरी सापडलंय.

१२ जुलै
सरांचा टेपरेकॉर्डर मागून आणला. आईने घमेलं पालथं घालून त्यावर ठेका धरला. दोन्ही बाजू भरल्या.
सुटीचं गाणं मात्र म्हणेना. दिवस कलला की ती ते लांबवून धरते, आणि बाया हातातली पात तिथेच सोडून उठतात. टोळीत घड्याळ कुणाकडेच नाही. आजवर कुठल्या मालकाने त्यावर हुज्जत घातली नाही.
"म्हण ना, आई."
"घरात बसून कोनाले सुटी देऊ?"

१५ जुलै
टेप परत द्यायला गेले. सरांना चार पानं वाचून दाखवली. पाचवी ते सातवी त्यांनी शिकवलं, बाबांना भेटून मला शाळेतून काढू दिलं नाही. 'घरातली पहिली पदवीधर' हे शब्द त्यांचेच. गावात मला काय वाचतेस असं विचारणारा तो एकच माणूस.
"म्हणजे बायांना वेळ कळतच नाही?"
"हो सर."
"शाब्बास."
कॅसेट दोन दिवस ऐकायला ठेवून घेतली. किती बरं वाटलं.

१९ जुलै
आई दिवे लागल्यावर घरी आली.
सरांनी धुऱ्यावरच्या, बांधावरच्या निंबाला भोंगा बांधला. बॅटरीवर टेप. आधी बाया हसल्या, आईला चिडवलं, "आता तू रेडिओवाली झाली, आमच्यासंग कायले बसतं?" आई लाजली. मग विळे चालू. एक बाजू संपली की दुसरी.
दिवस कलल्यावर आईने सुटीचं धरलं. कुणाला ऐकूच गेलं नाही. वर भोंग्यात तीच, खाली तीच. तण आणि पऱ्हाटी वेगळी दिसेना तेव्हा कुठे उठल्या.
"माह्याच आवाजानं मले दाबलं," म्हणाली. भाकर अर्धी ठेवली.

२० जुलै
सरांकडे गेले. रागावून गेले होते.
ते शांत होते. डोळे खोल गेलेत. म्हणाले, "दोनदा पेरलं. आता तणात गेलं तर वावर पडीक. मी जबरदस्ती केली का? बाया हसत होत्या. तूच म्हणालीस, त्यांना जाणवत नाही."
मी म्हणाले होते वेळ जाणवत नाही. पाठ दुखत नाही असं कुठे म्हणाले होते? हे सगळं आता सुचतंय.
कॅसेट मागितली. "निंदण होऊ दे, देतो."
"हो सर," म्हणाले मी. हो सर.

२४ जुलै
गयाबाई वावरात पडली. दुपारभर पाण्याला उठलीच नव्हती. एक गाणं संपलं की उठू, आणि गाणं संपतच नव्हतं. सरकारी दवाखान्यात सलाइन. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "मले समजलंच नाई माय."
हेच वाक्य माझ्या वहीत पान तीनवर निष्कर्ष म्हणून लिहिलंय.
नळावर तिची सून सगळ्यांसमोर, "जय भीम, शिकेल-सवरेल बाई! झाली का परीक्षा पास?"
घागर अर्धी भरून परत आले.

२६ जुलै
आईने सरांना सांगितलं, भोंगा असेल तर टोळी येणार नाही. त्यांनी लगेच उतरवला. कॅसेटही दिली, माझ्याकडे न बघता. वाटलं, संपलं.
संध्याकाळी बाया आमच्या ओट्यावर. गयाबाई आता येणार नाही. बाकीच्या आईला म्हणाल्या, तू म्हण पहिल्यासारखं. आईने तोंड उघडलं आणि मिटलं. "कानात भोंगाच वाजून राह्यला."
कमलमावशी म्हणाली, "राहू दे बापा. म्हनलं त पुन्हा भान जाईन." मग माझ्याकडे वळून, "तू घडी घेऊन धुऱ्यावर बस. पाच वाजले का हाक मार."
दुसरं काय करणार होते मी त्यांच्यासाठी.

२८ जुलै
धुऱ्यावर बसले. एवढी शांतता त्या वावरात कधी ऐकली नव्हती. नुसते विळे, तेही आपापले. कुणी पुढे, कुणी मागे.
"किती वाजले वं?"
"अडीच."
बराच वेळ गेला.
"आता?"
"दोन पस्तीस."
"तुह्यी घडी बंद पडली," कमलमावशी. थट्टा नव्हती. उठून आली, काटा फिरताना पाहिला, परत जाऊन बसली.
पाचला हाक मारली. पहिल्यासारखंच वेळेवर सुटल्या. कुणाला माती देऊन परतल्यासारख्या घरी गेल्या. आईचं बोट कापलंय. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

१ ऑगस्ट
मॅडमचं पत्र. पाठवलेली पानं वाचली, प्रकल्प उत्तम, शेवटी 'उपयोग' असं एक प्रकरण जोडावं. शीर्षक लिहिलं. पान तसंच आहे.
आई म्हणते, तुह्या हातून वाईट झालं नाई, तू चांगल्यासाठी केलं. ती असं म्हणते तेव्हा जास्त लागतं.

३ ऑगस्ट
आज विळा घेऊन आईशेजारची पात धरली. दुपारी राहवलं नाही, मीच 'पाखरू' सुरू केलं. दोन-तीन विळे माझ्या आवाजाशी जुळायला बघत होते. एक ओळ झाली, दुसरी झाली. मग एकेक थांबला.
आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. हळू म्हणाली, "नोको म्हनू. तू मोजून राह्यली."
मोजतच होते. किती विळे पडले, किती जुळले.
गप्प बसून निंदायला लागले. पलीकडून कमलमावशीने वर न बघता विचारलं, किती वाजले.
"सव्वातीन."
अर्धं वावर अजून बाकी होतं.