तिच्या पावलांचा ठेका

४ फेब्रुवारी

वाजवलं एकदाचं! वाजवलं म्हणजे बडवलं.

नातीचा ड्रमसेट आतल्या खोलीत चादरीखाली पडून होता. लेकीच्या इमारतीतले शेजारी कटकट करतात म्हणून पोरगी तो आमच्या गळ्यात घालून शिकायला दूर निघून गेली. आज मी चादर काढली. निमित्त आमच्या हिच्या पायाचं. अर्धांगाचा झटका आल्यापासून हिचा डावा पाय ओढत येतो, शब्दही मोजकेच उरलेत. व्यायाम शिकवणाऱ्या बाई काल म्हणाल्या, "आजोबा, ठोका कानावर पडत असला की पाऊल उचलायला सोपं जातं. टाळ्या वाजवा, डबा वाजवा, काहीही चालेल." टाळ्या वाजवून माझेच हात लाल झाले. मग म्हटलं, घरात एवढा बाजा असताना डबा कशाला?

मोठ्या ढोलाला पायाने दणका दिला तशी ही पलंगावरून म्हणाली, "अहो, पुरे!" दोन शब्द, अगदी स्पष्ट! डोळे भरून आले माझे.

६ फेब्रुवारी

नातीने फोनवर शिकवणी घेतली. "आजोबा, मनगट सैल सोडा. खिळा ठोकताय का?" काय करणार — जन्मभर शिलाईमशिनी दुरुस्त केल्या, हातात काही आलं की आवळून धरायचीच सवय. शेवटी सुईत ओवायचा दोरा धरतो तशी काठी धरली. तेव्हा कुठे जमलं.

आधी उजवा-डावा, उजवा-डावा. मग दोन उजवे, दोन डावे. डावा हात सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा — हलायला तयार नाही. तिसऱ्या धड्याचं नाव पॅराडिडल. मला वाटलं पोटदुखीचं औषध! उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. भांडी घासतानाही तेच चाललंय.

१३ फेब्रुवारी

लेक येऊन गेली. आल्या आल्या तिने माझ्या कपाळावरचं टेंगूळ पाहिलं.

"हे काय बाबा?"

"कपाटाचं दार लागलं."

खरं म्हणजे परवा स्वयंपाकघरात चक्कर आली. उठलो तेव्हा ओट्याखाली होतो. हिला रात्रीतून चार वेळा कुशीवर वळवावं लागतं, झोपेचं खोबरं झालंय. पण लेकीला सांगितलं असतं तर तिने त्याच पावली हिला उचलून नेलं असतं. तिने एक आजारी माणसं सांभाळणारी संस्था बघून ठेवली आहे. मी म्हटलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर ही कुठे जाणार नाही. दोघंही चढ्या आवाजात बोललो. ही उघड्या दारातून सगळं ऐकत होती.

शेवटी लेक म्हणाली, "ठीक आहे. आई पलंगापासून बाथरूमपर्यंत एकटी चालली, तुम्ही हात न लावता, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. पुढच्या महिन्यात येईन तेव्हा बघू."

आता या काठ्या म्हणजे खेळ राहिला नाही.

१५ फेब्रुवारी

घात झाला असता आज.

ड्रम आतल्या खोलीच्या दारात ओढून घेतला, म्हणजे समोर घरातल्या बोळातून ही येताना दिसते. भिंतीला लोखंडी दांडा बसवलाय, तो धरून ही उभी राहिली. मी छान चार-चारचा ठेका धरला, घड्याळासारखा. पहिलं पाऊल बरं पडलं. दुसऱ्याला पाय मागेच राहिला आणि ठोका पुढे गेला. ही ठोक्याला गाठायला धावली आणि तोल गेला. काठ्या फेकून धावलो. मिठीच मारली म्हणायची. दोघंही भिंतीला टेकून धापा टाकत बसलो. ही माझ्या शर्टाचं बटण चाचपत होती, मीच पडल्यासारखी.

१६ फेब्रुवारी

नाही वाजवलं. नाव काढू नये असं वाटतं.

१८ फेब्रुवारी

कसा मी एवढा ठोंब्या!

आज बाई हिला धरून चालवत होत्या. मी डोळे मिटून नुसतं ऐकलं. गिऱ्हाइकाचं मशीन आलं की आधी ऐकायचो तसं. उजवं पाऊल टेकतं, मग बराच वेळ डावा पाय घासत येतो, तो टेकला की लगेच उजवं. लांब, आखूड. लांब, आखूड. मोजलं — एक-दोन-तीन, एक-दोन. पाच! आणि मी तिला चारात कोंबत होतो. तिचा पाय माझ्या ठेक्यात बसेना म्हणून पायाला दोष देत होतो.

नातीला फोन लावला. ती हरखलीच. "आजोबा, आजी फाइव्हमध्ये चालते! अहो, मला शिकायला वर्ष लागलं!"

तिला एकच दुपार लागली, झटका आला ती, म्हटलं. दोघं हसलो. मग तिने मला पाच मोजायला लावले.

२१ फेब्रुवारी

पाच मात्रा हाताला येत नाहीत. हात सवयीने सहावी मारून मोकळा होतो. मशिनीचा दात झिजला की टाका सुटतो तसं. पॅराडिडल कामाला आलं — त्याच्यामागे डाव्याचा एक ठोका जोडला की पाच भरतात. उजव्या पावलाला मोठा ढोल, डाव्याला कडेवर टिचकी. वर टॉवेल टाकलाय, शेजाऱ्यांचा जीव वाचावा म्हणून.

ही अर्धा बोळ चालली!

२७ फेब्रुवारी

आज पाच पुरेनात. डाव्या पायावर ही जास्त वेळ उभी राहायला लागलीय. एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन. सात झाले! म्हणजे दोन्ही पावलं सारखी होत आली, लंगडणं कमी झालं. बाई म्हणाल्या, "छान चाललंय."

सबंध बोळ चालून ही बाथरूमच्या दाराला हात लावून आली. मागे वळून माझ्याकडे पाहिलं — लग्नातल्या फोटोत पाहिलंय तसं. मला पुन्हा जरा गरगरलं, काठी हातातून गळाली. उन्हाचं असेल. हिने काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ.

४ मार्च

माझ्या हाताने माझं घर बुडालं.

लेक आली. नात फोनवर, ऐकायला. मी सात धरले. ही निघाली, झकास, दांडा नुसता बोटांनी शिवत. निम्म्या बोळात खुर्ची आहे, तिथे थांबली आणि बसली. अडखळली नाही, धडपडली नाही. पदर सावरून बसली. मी वाजवतच राहिलो. "अगं, चल की! थोडंच राहिलंय!" हिने मान हलवली. "नाही."

लेकीने तोंड फिरवलं. रडत होती, जिंकल्यासारखी मुळीच नव्हती.

माझाच ठेका सुटला असणार. सातावरून आठावर घसरलो असेन. नात म्हणते, "नाही आजोबा, सात बरोबर होते, मी मोजत होते." आजोबाचं मन राखते पोर.

६ मार्च

नेली. गाडीत बसताना माझी कॉलर सरळ केली हिने, उजव्या हाताने. पहिले काही दिवस कुणी भेटायला यायचं नाही असा तिथला नियम आहे. माणूस रुळत नाही म्हणे.

दोन कप चहा केला. दुसरा ओतून दिला.

१० मार्च

लेक डॉक्टरकडे घेऊन गेली. रक्तदाब बराच चढलेला. गोळ्या सुरू. रात्री सलग झोपलो, आणि जागा झाल्यावर त्याचीच लाज वाटली.

१२ मार्च

ड्रमवर चादर टाकली.

१७ मार्च

आज भेटलो. तिथल्या लांब बोळाच्या टोकाला उभा होतो, तर समोरून ही येत होती — एकटी, दांडा न धरता, ओठ हलवत, चार आणि तीन. सिस्टर म्हणाली, "आजी? अहो, पहिल्या दिवसापासून चालतात त्या!" ही जवळ आली, कपाळावर टेंगळाच्या जागी बोट ठेवलं, आणि एकेक शब्द जुळवून विचारलं, "झोप… लागते ना… आता?"