माश्यांचा शिरा आणि उमाकांतरावांचा होकार

जयपूर, मे २००६

तीर्थरूप भगवानमामांच्या चरणी भाचा रणजीत लांबूनच डोकं टेकतो (जवळ आलो तर तुम्ही कान धराल). मी इकडे बरा आहे. तुमचा गुडघा कसाय?

कारखाना सोडला, प्रताप नगरातलं दुकानही सोडलं. आता कॉलेजात सुखदेव सरांच्या फळमाश्या सांभाळतो (पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्याच). मक्याचं पीठ, गूळ नि यीस्ट शिजवून नळ्यांत ओतायचं. सर एका नळीतल्यांना उपाशी ठेवतात, दुसरीतल्यांना तापवतात, तिसरीतल्यांना जेवणातून अल्कोहोल देतात, आणि कोण तगतं ते बघत बसतात. म्हणतात, पोटातलं एक एन्झाइम अल्कोहोल मोडून त्याचं खाद्य करतं. ज्या माशीत ते जोरदार ती टिकते, बाकीच्या पाय वर करतात. माश्यांना एसी आहे. मी बाहेर पंचेचाळीस डिग्रीत पातेलं ढवळतो, पण माझ्या सोसण्यावर कुणी निबंध लिहीत नाही, कारण मी मरत नाही.

तुम्ही निशिगंधाच्या वडिलांना, रेल्वेतल्या उमाकांतरावांना, भाचा शास्त्रज्ञ आहे म्हणून ठोकून दिलंत (पोरगी मला पसंत आहे, म्हणून गप्प बसलो). ते मंगळवारी खात्री करायला आले. मी चहा आणायला गेलो. आपल्या माणसांना पाहुणे म्हणून गेल्यावर गुळाचा वास आला की ते आपल्यासाठीच, यात शंकाच नसते. परत येतो तर शिरा समजून दोन वाट्या साफ. मामा, ते तिसऱ्या नळीचं, अल्कोहोलवालं पातेलं होतं, आणि हा माणूस खोकल्याचं औषधसुद्धा हुंगून परत करतो!

थोड्या वेळानं त्यांचे कान लाल झाले. "जावईबापू," म्हणाले (पहिल्यांदाच!), "शिकलेले मतलब नुसते बसून असतात. तुमच्या हाताला चव आहे. पोरगी दिली!" मग सरांना मिठी मारून रडले. सर त्यांच्या खांद्यावरून हळूच मला म्हणाले, "इनका एन्झाइम कमज़ोर है।"

तुमचा भाचा,
रणजीत

ता. क. खरं काम हे, की त्यांना लगेच फोन करून "शब्द दिलाय हं" एवढंच म्हणा. शिऱ्याचं नाव काढू नका. माझी झोप उडालीय.

ता. क. २ पत्र टाकायला निघालो तर उमाकांतराव दारात, पूर्ण शुद्धीत. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "होकार कायम आहे हो. फक्त साखरपुड्याला शिरा तुम्ही करायचा. मंगळवारचाच."